टाळीवर सुटणारी लाथ

आपल्या बहुतेक तायक्वांदो वर्गांत वेगाचा सराव एकाच पद्धतीने होतो: सरांनी टाळी वाजवायची, मुलांनी लाथ मारायची. लढतीत मात्र टाळी कोणीच वाजवत नाही. कानावर आलेल्या आवाजाला माणूस साधारण १५० मिलिसेकंदांत प्रतिसाद देतो, डोळ्यांनी टिपलेल्या खुणेला २००च्या आसपास लागतात. शिवाय टाळीला उत्तर ठरलेले असते, प्रतिस्पर्ध्याच्या हालचालीला अनेक. पर्याय वाढले की निर्णय लांबतो, हे विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले. तरीही आपण कान तयार करत बसतो.

‘हा मुलगा स्लो आहे’ असा शिक्का मारण्याआधी मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये त्याचे चित्रीकरण करा. एक फ्रेम म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. पॅड दिसल्यापासून पाऊल मॅटवरून सुटेपर्यंतच्या फ्रेम वेगळ्या मोजा, तिथून लाथ लागेपर्यंतच्या वेगळ्या. पाय चपळ आणि नजर उशिरा, अशी मुले पुष्कळ सापडतील. त्यांना आणखी हजार लाथा मारायला लावून काय होणार?

त्यांच्यासाठी पॅड पाठीमागे लपवा. कधी छातीच्या उंचीवर दाखवा, कधी डोक्याच्या, कधी नुसता हात हलवा. तेव्हा मुलाने जागचे हलायचे नाही. पुढे पॅड सोडून जोडीदार उभा करा. मागच्या पायावर गेलेले वजन, वळू लागलेली कंबर हे वाचायला शिकवा. मुरलेला खेळाडू बहुतेक वेळा इथेच पुढे असतो: त्याला हल्ला आधी दिसतो.

पायच संथ असेल तर गुडघा पाहा. दोल्यो चागीत, म्हणजे बाजूने फिरवून मारायच्या लाथेत, गुडघा दुमडून वर यायला हवा, कंबर वळायला हवी आणि मग नडगी उघडायला हवी. सरळ पाय लांबून फिरवला की तो जड होतो. घोट्याला वजने बांधून वेगाचा सराव करून घेणे मला मुळीच पटत नाही. त्याने लाथेचा ताल बिघडतो, वाढत्या वयातल्या गुडघ्यांवर ताणही येतो.

वेगाचे सेट वॉर्म-अपनंतर लगेच घ्या. पाच-सहा लाथा, मग पूर्ण विश्रांती. दोन मिनिटांच्या फेरीसाठी दमसास लागतोच, पण तो सराव शेवटी घ्यावा. दमलेल्या पायाला आपण संथ लाथच शिकवत असतो.

जिल्हा स्पर्धांपूर्वी ही मोजणी करून पाहा. मुलांची नावे न देता वय, बेल्ट आणि दोन्ही फ्रेमसंख्या आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात त्या एकत्र मांडू.