हॉर्न नको, प्लीज!

सिग्नल हिरवा व्हायला अजून ४ सेकंद असतात आणि मागून पोंऽऽ पोंऽऽ सुरू! अरे बाबा, पुढचा काय झोपा काढतोय? त्याच्याही पुढे गाड्यांची ही रांग आहे, तो काय उडून जाणार?

गंमत अशी की हॉर्नला एकच शब्द येतो. 'मी मागे आहे, सांभाळा' म्हणायलाही पों आणि 'हो बाजूला' म्हणायलाही पोंच. तुम्ही पहिलं म्हणता, पुढच्याला दुसरंच ऐकू येतं, मग काचा खाली करून एकमेकांचा उद्धार!

बरं, कायदा नाही असंही नाही. ट्रकमागचं 'हॉर्न ओके प्लीज' लिहिण्यावर महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी आली. २०१९ च्या दुरुस्तीत विनाकारण हॉर्न वाजवला तर पहिल्या वेळी १००० रुपये दंड ठरवला गेला. भरतंय कोण? त्यापेक्षा मुंबई पोलिसांनी केलेला प्रयोग भन्नाट होता. आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नलचे सेकंद परत पहिल्यापासून! माझं ऐकाल तर हे प्रत्येक चौकात कायमचं बसवा. लोक शिव्या घालतील, घालू देत. पुढच्यालाही घरीच जायचंय एवढं कळायला आपल्याला यंत्र लागतं, ह्याची लाज मात्र वाटायला हवी.