दवाखान्याची भिंत आणि झरीचा कुड



सहकारी साखर कारखानदारीने उसाच्या गाळपाबरोबर शाळा काढल्या, दवाखान्यांनाही हातभार लावला. लोणीला प्रवरा परिसरात उभे राहिलेले ग्रामीण रुग्णालय आपल्या सर्वांना ठाऊक आहे. अशा कामाच्या मागे शेवटी ऊस पिकवणाऱ्याचे बळ असते. म्हणून दवाखाना बांधायचा किंवा दुरुस्त करायचा ठराव सभेपुढे आला, की खाटा किती आणि खर्च किती एवढेच विचारून हात वर करू नये. खाटेवर पडल्या पडल्या आजारी माणसाला काय दिसणार, हेही विचारावे.

कुणी म्हणेल, हे श्रीमंतांचे चोचले! तसे नाही. अमेरिकेत रॉजर उलरिख नावाच्या संशोधकाने पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी तपासल्या. पित्ताशयाचे ऑपरेशन झालेले २३ रुग्ण असे, की ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत. दुसरे २३ असे, की ज्यांना विटांची भिंत दिसे. झाडेवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाल्यांना ८.७० दिवस लागले. वेदनेवरची कडक औषधेही झाडेवाल्यांना कमी लागली. हा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. अवघ्या ४६ रुग्णांवर सगळे ठरवता येत नाही हे खरे; पण खिडकीला जादा खर्च तो काय येतो?

मात्र झाड कुठले आणि भिंत कशी, हे अमेरिकेला विचारायचे कारण नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात, तलासरी तालुक्यात झरी हे गाव आहे. त्या डहाणू-तलासरी पट्ट्यातले वारल्यांचे जुने घर पाहा. कारवीचा कुड, त्यावर शेणमातीचा लेप, गेरूचा हात. लग्न निघाले की सवाष्णी तांदळाच्या पिठाने त्यावर चौक लिहितात. त्यात देवी, झाडे, जनावरे, माणसे सगळी एकत्र. हीच कला गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी जगापुढे नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशा घरातल्या माणसाला आपण लखलखीत फरशीच्या, बंद खिडक्यांच्या खोलीत नेतो, आणि तो बुजला की त्याला अडाणी ठरवतो. याच झरीत मे १९४५ मध्ये किसान सभेच्या सभेला हजारो आदिवासी जमले आणि त्यांनी वेठबिगारीला नकार दिला. त्यांच्या लेकरा-नातवंडांनी दवाखान्यात तरी मान खाली घालून का शिरावे?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हा प्रश्न आदिवासींनाच विचारला. उत्तर मिळाले, की मोठ्या इमारतीची भीती वाटते. पांढरे कपडे पाहून प्रेताला गुंडाळायचे कापड आठवते. आणि नातलगांना आत येऊ देत नाहीत. मग शोधग्रामचा दवाखाना आदिवासी पाड्यासारखा बांधला. झाडांत झोपड्या, सोबतच्या माणसांना जागा, आणि नाव त्यांच्या देवीचे, माँ दंतेश्वरी.

आता एक सावधगिरी. वारली चित्रे हल्ली जिथे तिथे रंगवतात. चित्र जरूर असावे, तिथल्याच कलाकाराला वाजवी मजुरी देऊन काढून घ्यावे. पण खिडकी बुजवून तिथे झाडाचे चित्र काढणे म्हणजे विहीर बुजवून भिंतीवर मोट रंगवणे होय! तसेच ऑपरेशनच्या खोलीत शेणमाती चालणार नाही. तिथे धुता येणारी भिंतच हवी. अंगातली ताकद गेलेल्या रुग्णाजवळ मातीची कुंडीही नको, मातीत बुरशी असते. झाड खिडकीबाहेरच बरे. आणि वारा मोकळा खेळावा. रोगाची लागण रोखायला खेळती नैसर्गिक हवा उपयोगी पडते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली मार्गदर्शिका काढून सांगितले आहे.

तेव्हा मागण्या साध्या ठेवू या. खिडकीची चौकट इतकी खाली असावी, की निजलेल्याला बाहेरचे दिसेल. पश्चिमेला कडुनिंब, करंज लावावेत, म्हणजे उन्हाळ्यात दुपारची झळ अडेल. नातलगांसाठी सावलीत ओटा आणि प्यायला पाणी असावे. भिंतीचा रंग ठरवण्याआधी तिथे येणाऱ्या बाया-माणसांना आणि आपल्या ऊसतोड मजुरांनाही विचारावे. संगमरवर नंतर लावता येईल. पण झाड आज लावले तरच चार-पाच वर्षांनी सावली मिळेल, हे शेतकऱ्याला काय सांगावे?

पुढच्या सभेला नकाशा समोर आला, की आधी त्यात खिडक्या मोजा. मगच ठरावाला हात वर करा.

— एक ऊस उत्पादक सभासद