जावास्क्रिप्टला हसू नये

जावास्क्रिप्ट म्हणजे वेबपाने सजवायची भाषा, विज्ञानाशी तिचा काय संबंध, असे आमच्या वर्गातल्या बहुतेकांचे मत आहे. तिचे नाव काढले की कोणीतरी हसतोच. मला ते हसणे पटत नाही.

गेल्या सुट्टीत मी चोर्ल्याचा घाट उतरून मुळगावला घरी गेलो होतो. शेजारचा अकरावीतला मुलगा साध्या लंबकाचा प्रयोग वहीत उतरवीत बसला होता. आम्ही अंगणातल्या आंब्याला एक मीटर दोरीने दगड टांगला. सूत्राप्रमाणे एका आंदोलनाला सुमारे २.०१ सेकंद लागायला हवेत. पण दगड ६० अंशांपर्यंत ओढून सोडला तर २.१५ च्या आसपास लागतात. दहा आंदोलनांत सेकंदाहून अधिक फरक! "पुस्तक चुकले काय?" त्याने विचारले. पुस्तक चुकलेले नाही. ते सूत्र लहान कोनापुरतेच खरे आहे. पण हे त्याला दाखवायचे कसे?

त्याच्या घरी संगणक नाही, मोबाइल आहे. आणि मोबाइलमध्ये ब्राउझर असतो, म्हणजे जावास्क्रिप्ट असतेच. मी तीसेक ओळी लिहून फाइल त्याला दिली. ती उघडायला नेटवर्कही लागले नाही. सेकंदाचे शंभर भाग करायचे, दर भागाला त्वरण काढून कोन व वेग पुढे सरकवायचे, एवढेच गणित. पहिल्या खेपेस पडद्यावरचा लंबक आपोआप अधिकाधिक उंच जाऊ लागला. शेवटच्या दोन ओळींची अदलाबदल करून आधी वेग आणि मग नव्या वेगाने कोन बदलला, तेव्हा तो ताळ्यावर आला. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा याहून चांगला धडा मला कुठल्या तासाला मिळाल्याचे आठवत नाही.

आता आक्षेप. ०.१ आणि ०.२ मिळवले की ही भाषा ०.३०००००००००००००००४ सांगते, म्हणून टिंगल होते. पण पायथनही हेच उत्तर देते. दोन्हींकडे दशांश संख्या त्याच ६४ बिटांत मावतात. खरे दोष वेगळेच आहेत. चौकटीत भरलेला ५ हा आकडा नसून अक्षर असतो. त्यात ३ मिळवा, उत्तर ५३! १०, ९, १ क्रमाने लावायला सांगा, ती १, १०, ९ असे लावते. ब्रेंडन आयक यांनी १९९५ साली दहा दिवसांत घाईने केलेल्या भाषेची ही खोड. शिवाय सारणींचे मोठे गणित करायचे तर पायथनच बरी. हवामानाच्या प्रचंड गणितांना तर अजून फोर्ट्रान लागते. तिथे माझा हट्ट नाही.

शिकवण्याची गोष्ट मात्र निराळी. नोबेल मानकरी कार्ल वाइमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या 'फेट' या प्रकल्पाने आपले प्रयोग जावा आणि फ्लॅशमधून याच भाषेत आणले. मुलांचे 'स्क्रॅच'ही २०१९ पासून हिच्यावरच चालते. ही मंडळी काही वेडी नव्हेत.

आणखी एक. चलांची नावे देवनागरीत दिलेली या भाषेला चालतात. मी 'लांबी', 'कोन', 'वेग' अशीच दिली होती. आपल्या कन्नड विभागातल्या मित्राने दहा मिनिटांत तीच फाइल कन्नडमध्ये केली. आमच्या प्रात्यक्षिकांत वर्षाला असा एक तरी प्रयोग असावा, एवढेच माझे मागणे आहे.

मुळगावच्या त्या मुलाला आता हवेचा विरोध घालायचा आहे. ती ओळ मी अजून पाठवलेली नाही. तो खटपट करतो आहे.