समासात न लिहिलेलं वाक्य

पवनारला धाम नदीकाठच्या ब्रह्मविद्या मंदिरात गेलं की एक गोष्ट मनात घर करते. १९५९ साली विनोबांनी स्थापन केलेल्या या आश्रमात जे हात उपनिषदांची पानं उलटतात, तेच शेतात राबतात, स्वयंपाक करतात, झाडलोटही करतात. कामावरून इथे माणसाची पायरी ठरत नाही. परवा तिथे बसलो असताना मला आमच्या शाखेतला दफ्तरी आठवला आणि, खरं सांगायचं तर, शरमल्यासारखं झालं.

१९८०च्या दशकातली गोष्ट. त्याचं शिक्षण सातवीपर्यंत. पण खातेवह्यांची ने-आण करता करता त्याला खातेदारांच्या सह्या पाठ झाल्या होत्या. नमुन्याचं कार्ड न काढता ‘ही सही खटकते’ म्हणून तो सांगे आणि बहुधा ते खरं निघे. नवा अधिकारी अडला की त्यालाच हाक मारी. मीही मारली आहे. कारकुनाच्या परीक्षेत मात्र तो इंग्रजीच्या पेपरात अडकला. त्याच्या शिफारसपत्रात मी ‘प्रामाणिक, आज्ञाधारक’ एवढंच लिहिलं. ‘याला हे काम येतं’ असं लिहायला छापील नमुन्यात रकाना नव्हता आणि समासात लिहिण्याचं धाडस मी केलं नाही.

याच्या कितीतरी आधी, ऑक्टोबर १९३७मध्ये, पवनारशेजारच्या वर्ध्यात शिक्षण परिषद भरली होती. हस्तोद्योगातून शिक्षण हा गांधीजींचा विचार तिथे देशापुढे आला. हात नुसता राबत नाही, तो शिकतोही, हे आपण तेव्हाच मान्य केलं. कचेऱ्यांपर्यंत मात्र ते पोचलं नाही.

आता सरकारदरबारी त्याची दखल घेतली जाते आहे. २०१५च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, काम करत करत जे शिकलं त्याची पारख करून प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. २०२३च्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, गवंडी धरून १८ व्यवसाय आले. तिच्या वर्षपूर्तीचा कार्यक्रम २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यातच झाला. चांगलंच आहे. पण गवंड्याच्या हाती प्रमाणपत्र आलं आणि ठेकेदाराने मजुरी तीच ठेवली, तर त्या कागदाचं त्याने करायचं काय?

‘मग परीक्षा नकोच का?’ असं कोणी विचारील. हवीच. वीस वर्षं चुकीचंच गिरवणारेही मी पाहिले आहेत. पण परीक्षा त्या कामाची हवी. सह्या ओळखणाऱ्यापुढे सह्या ठेवा. त्याला इंग्रजी निबंध लिहायला कशाला लावता? आणि तो उत्तीर्ण झाला, तर त्याचा हुद्दा आणि पगार वाढला पाहिजे. नाहीतर ती मान्यता म्हणजे बोलाचीच कढी.

दफ्तरी निवृत्त झाला तेव्हा आम्ही शाल-श्रीफळ दिलं. ‘तुमच्यावाचून ही शाखा चालली नसती,’ असं मी भाषणात म्हणालो. तो नुसता हसला. ते वाक्य मी शिफारसपत्राच्या समासात लिहायला हवं होतं.