कोयत्याचा खिळा



भीमाकाठी ऊसतोडीच्या कोप्या पडल्या की मांडवगण फराट्याच्या शिवारात पहाटेपासून कोयते चालू लागतात. नवरा-बायकोच्या जोडीला आपण 'एक कोयता' म्हणतो. ज्या हत्याराचे नाव माणसांना दिले, त्याच्या मुठीतला खिळा मात्र कोणी पाहत नाही.

मीही पाहिला नव्हता. काही वर्षांपूर्वी एका बाईंनी खिळखिळा कोयता दाखवला. मी सांगितले, "रात्रभर पाण्यात टाका, घट्ट होईल." झालाही. चार दिवसांनी भर उन्हात पाते मुठीतून निसटले आणि शेजारच्या तोडकऱ्याच्या पायाजवळ रुतले. पाय वाचला, सल्ला मात्र माझा होता.

कारण साधे आहे. भिजलेले लाकूड फुगते, पण लोखंड जागा देत नाही. मग लाकडाचे तंतू खिळ्याभोवती चेंगरतात. वाळल्यावर भोक पहिल्याहून सैल होते, वर ओलीने खिळा गंजतो.

म्हणून भिजवू नका, खिळा बदला. आधी पात्याला गोणपाट घट्ट गुंडाळा. खिळा गंजला असेल तर आदल्या रात्री तेलाचे दोन थेंब सोडा. त्याचे ठोकून पसरवलेले टोक कानशीने घासून सपाट करा. हे न करता ठोकाल तर मूठ चिरेल. मग भोक पाडलेल्या ठोकळ्यावर मूठ टेकवा आणि खिळ्याहून किंचित बारीक, सपाट टोकाच्या पंचाने हलके ठोके देत खिळा खाली उतरवा.

नवा खिळा मऊ लोखंडाचा, भोकात घट्ट जाणारा हवा. दोन्ही बाजूंना वायसर घाला आणि साधारण दोन मिलिमीटर टोक बाहेर ठेवा. एकाच दणक्यात न ठोकता लहान लहान ठोक्यांनी ते पसरवा. शेवटी कानस फिरवा, म्हणजे तळहाताला फोड येणार नाहीत. वाळल्या मुठीला जवसाचे तेल चोळा. भोक लांबट झाले असेल किंवा मुठीला चीर असेल, तर सावलीत वाळवलेल्या बाभळीची नवी मूठच घाला.

पीक राखणीच्या ठासणीच्या बंदुकीतही लाकडी दस्त्यात अशाच पिना असतात. लाकूड-लोखंडाचे नाते तेच. पण तिथे घरी हात घालू नका, परवाना असलेल्या कारागिराकडेच न्या.

तोडकरी आपल्या फडात आले की पहिल्या दिवशी चहाबरोबर एक कानस आणि चार खिळेही पुढे ठेवा. कोयता त्यांचा असला, तरी फड आपला आहे.