पीयूसीत गाडी नापास झाली, तर नापासाचा कागद घ्या

केम आणि पंचक्रोशीतील सर्व वाहनधारकांना कळकळीचे आवाहन. ज्यांची दुचाकी, चारचाकी किंवा पिकअप तीन वर्षांच्या आतली आहे, त्यांनी तर हे वाचून बाजूला ठेवू नये. आजच गाडीची पुस्तिका शोधून काढावी.

गाडी घेताना शोरूमने चावीबरोबर एक पुस्तिका दिलेली असते. गाडीची पूजा होते, पेढे वाटले जातात आणि पुस्तिका पिशवीसकट कपाटात जाते. तिच्यात नेहमीच्या वॉरंटीची पाने असतात आणि अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत त्यापुढे आणखी एक पान असते. ते एमिशन वॉरंटीचे, म्हणजे गाडीच्या धुराबद्दल कंपनीने लेखी दिलेल्या हमीचे. टाइप बारीक, भाषा बहुधा इंग्रजी. त्याचा अर्थ थोडक्यात असा : गाडी नीट सांभाळूनही ती मुदतीच्या आत पीयूसी चाचणीत नापास झाली आणि दोष धुराशी संबंधित भागात निघाला, तर तो भाग कंपनी विनामूल्य दुरुस्त करील किंवा बदलून देईल. दुचाकीला ३०,००० किलोमीटर, कारला ८०,००० किलोमीटर किंवा तीन वर्षे, यांतले जे आधी संपेल ते, अशी मुदत बऱ्याच पुस्तिकांत छापलेली असते. तुमच्या गाडीची मुदत वेगळी असू शकते, म्हणून आपलीच पुस्तिका उघडायची, शेजाऱ्याची नाही.

हा हक्क आपण घालवतो तो पीयूसी केंद्रावर. गाडी नापास होतेय असे दिसले की आपणच म्हणतो, ‘बघा काहीतरी, करून द्या पास.’ काही जण तर गाडी न नेता कागद मिळतो का, याची चौकशी करतात. पाचपन्नास रुपये जास्त देऊन काम झाले, याचा आनंद वाटतो. प्रत्यक्षात त्या क्षणी सरकारी संगणकावर अशी नोंद झालेली असते की या तारखेला या गाडीचा धूर नियमात होता. चार महिन्यांनी गाडी उचलेनाशी झाली, काळा धूर सोडू लागली आणि तुम्ही शोरूमला गेलात, तर सल्लागार तीच नोंद दाखवील. गाडी पास आहे, मग धुराची तक्रार कसली? त्याला उत्तर नाही. आपल्याविरुद्धचा पुरावा आपणच पैसे देऊन तयार केलेला असतो.

म्हणून मुख्य विनंती ही : गाडी चाचणीत नापास झाली, तर सेटिंग करून पास करून घेऊ नका. नापासाची चिठ्ठी मागा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२१ मध्ये पीयूसीचा नमुना देशभर एकसारखा केला, तेव्हाच ‘रिजेक्शन स्लिप’ची तरतूद केली. धुराचे आकडे मर्यादेपेक्षा जास्त आले, तर ठरलेल्या नमुन्यातली ही चिठ्ठी वाहनमालकाला द्यायची असते. ती दाखवून गाडी दुरुस्तीला लावता येते; यंत्रच बिघडलेले आहे अशी शंका आली, तर तीच घेऊन दुसऱ्या केंद्रावर फेरतपासणी करून घेता येते. या चिठ्ठीवर तारीख असते, आकडे असतात आणि गाडीचा नंबर असतो. वॉरंटीच्या दाव्यात यापेक्षा भक्कम कागद सामान्य माणसाच्या हाती दुसरा नाही. केंद्रचालकांनाही हात जोडून सांगणे आहे की गिऱ्हाइकाने चिठ्ठी मागितली तर द्या. त्यात तुमचे काही जात नाही, त्याचे मात्र हजारो रुपये वाचू शकतात.

हजारो रुपये म्हणजे नेमके कशाचे, तेही सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१८ च्या निकालानुसार १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्याच विकल्या जातात. १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा, अधिक कडक टप्पा लागू झाला. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांनाही १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम आले आहेत. त्यामुळे ज्याला आपण सरसकट सायलेन्सर म्हणतो, त्या नळीत आता बरेच काही बसलेले असते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाच्या डब्यात जाळीदार चिनी मातीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. विषारी वायू त्यावरून जाताना बदलतात. त्याच्या तोंडाशी ऑक्सिजन सेन्सर असतो. डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, जळालेला वायू पुन्हा इंजिनात फिरवणारी ईजीआर झडप असते, मोठ्या गाड्यांत युरियाचे द्रावण फवारणारा पंपही असतो. आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारा संगणक, ज्याला फिटर ईसीएम म्हणतात. यातला एकेक भाग हजारांत जातो; काही डिझेल गाड्यांचा फिल्टर लाखाच्या घरात.

कन्व्हर्टरच्या डब्याची किंमत चोरांना आपल्याआधी कळली. पुण्यात आणि इतर शहरांत उभ्या ईको गाड्यांचे सायलेन्सर रात्रीतून कापून नेल्याच्या बातम्या गेली काही वर्षे येत आहेत, त्या याच धातूंसाठी. चोरी वॉरंटीत बसत नाही, हे लक्षात असू द्या. आणि तरुण मुलांना वेगळे सांगतो : आवाजासाठी मूळ सायलेन्सर काढून बाजारातला बसवलात, तर बहुतेक वेळा त्याबरोबर कन्व्हर्टरही जातो. मग पीयूसी, वॉरंटी आणि पोलिसांचा दंड, तिन्हीकडे तुम्हीच अडकता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असा बदल बेकायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आपल्या भागात गाड्या ज्या पद्धतीने चालतात, तिच्यामुळे दोन गोष्टींवर जरा थांबून बोलले पाहिजे.

पहिली डिझेल फिल्टरची. हा फिल्टर साठलेली काजळी स्वतःच जाळून टाकतो, पण त्यासाठी धुराचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत चढावे लागते. ते सलग, मोकळ्या रस्त्यावर चालताना होते. गावातून स्टेशन, स्टेशनवरून मळा, मळ्यातून परत कुंकवाच्या कारखान्यावर, अशा दोनचार किलोमीटरच्या फेऱ्यांत होत नाही. केमचे कुंकू उचलणारे पिकअप दिवसभर असेच चालू-बंद होत राहतात. काजळी साठते, डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिवा म्हणजे गाडी सांगतेय की मला थोडे लांब आणि सलग पळवा. करमाळ्यापर्यंत किंवा टेंभुर्णीपर्यंत एक फेरी बेताच्या वेगाने मारली, तर बऱ्याचदा दिवा विझतो. विझला नाही, तर लगेच अधिकृत सर्व्हिस सेंटर. दिव्याकडे दुर्लक्ष करून महिनोन्‌महिने गाडी दामटली आणि फिल्टर गच्च झाला, तर कंपनी ‘वापरातला दोष’ म्हणून हात वर करते, आणि पुस्तिकेतले शब्द तिच्या बाजूने असतात. काही गॅरेजात फिल्टर कापून पोकळ नळी बसवतात आणि संगणकाची सेटिंग बदलून दिवा बंद करतात. हे कृपया करू नका. दिवा विझतो, पण धुराच्या वॉरंटीचा हक्क त्याच दिवशी गमावला जातो आणि ती काजळी आपल्याच लेकरांच्या छातीत जाते.

दुसरी गोष्ट युरियाची. डीईएफ किंवा ॲडब्लू म्हणून जे निळ्या झाकणाच्या टाकीत घालतात, ते ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि क्षारविरहित पाणी असते. घरात खताची गोणी आहे, विहिरीला पाणी आहे, मग डबा कशाला विकत घ्यायचा, असा विचार शेतकऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण खताचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो, त्यात इतर अंशही असतात, आणि आपल्याकडचे पाणी क्षारांचे. फवारणीचे बारीक छिद्र खड्यांनी बंद पडते, कन्व्हर्टर खराब होतो. सर्व्हिस सेंटर द्रावणाचा नमुना तपासते आणि एका तपासणीत दावा फेटाळला जातो. अनुदानाचे खत गाडीत घालणे गुन्हा आहे, ते वेगळेच.

पेट्रोलच्या बाबतीत उलटा अनुभव येतो. दोष कशाचाही असो, ‘पेट्रोल खराब होते’ हे वाक्य सर्व्हिस सेंटरकडे तयार असते. त्यासाठी पंपाच्या पावत्या जपा, आणि तसे कुणी म्हणाले तर इंधन तपासून लेखी द्या असे सांगा. आपल्याच उसाच्या कारखान्यांचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते, ते पंपावर मिळणारे अधिकृत इंधन आहे. ते भरले म्हणून ग्राहकाला दोषी ठरवता येत नाही. आपली गाडी कोणत्या मिश्रणाला योग्य आहे, तेही पुस्तिकेत लिहिलेले असते.

आता सर्व्हिस सेंटरमध्ये काय करायचे. तोंडी तक्रार सांगून गाडी सोडून येऊ नका. जॉबकार्डावर तुमच्या शब्दांत लिहून घ्या : ‘इंजिनाचा दिवा लागतो, पीयूसीत नापास, चिठ्ठी सोबत जोडली आहे, एमिशन वॉरंटीखाली तपासणी करावी.’ किलोमीटरचा आकडा आणि तारीख त्यावर आहे ना, पाहा. संगणक जोडून निघालेल्या दोषाच्या कोडचा कागद किंवा फोटो घ्या. आधीच्या सर्व सर्व्हिसची बिले एका जागी ठेवा. वेळेवर ऑइल बदलल्याचा पुरावा तोच. तपासणीचा काही खर्च किंवा ऑइलसारख्या वस्तूंचे पैसे पुस्तिकेप्रमाणे तुमच्याकडे येऊ शकतात, ते आधी विचारा. आणि ‘हे वॉरंटीत बसत नाही’ असे उत्तर आले, तर भांडू नका, चिडू नका. एवढेच म्हणा, ‘साहेब, कारण लिहून द्या.’ लेखी कारण देण्याची वेळ आली की अनेकदा फाइल पुन्हा उघडली जाते. नाही उघडली, तरी तुमच्या हातात पुढच्या पायरीचा कागद असतो.

ती पायरी सोपी आहे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. त्यावर मराठीत बोलता येते. तेवढ्याने भागले नाही, तर सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करण्याची सोय दिली आहे, म्हणजे कंपनीचे कार्यालय चेन्नईला असो की गुरुग्रामला, तुम्ही सोलापूरलाच दाद मागू शकता. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावणे सक्तीचे नाही. तक्रार ऑनलाइनही करता येते. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, ही मुदत विसरू नका. व्यवसायाच्या गाड्यांसाठी एक सूचना : स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवत असलेली गाडी असेल, तर तुम्ही ग्राहकच आहात, हे तक्रारीत स्पष्ट लिहा.

गावातल्या फिटरकडे एखादे काम करून घेतले म्हणून सगळी वॉरंटी गेली, असे कुणी सांगितले तर लगेच मान्य करू नका. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुट्या भागांच्या प्रकरणात २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला, तेव्हा स्वतंत्र गॅरेजात गेल्यावर सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही बजावले होते. त्यावर कंपन्यांनी अपिले केली. पण टायर बदलला म्हणून ऑक्सिजन सेन्सर नाकारणे कोणत्याही निकषावर टिकत नाही. उलट सेन्सरच्याच वायरी कुणी बाहेर कापल्या असतील, तर कंपनीचे म्हणणे खरे ठरते. धुराशी संबंधित भागांना तेवढे बाहेर हात लावू देऊ नका.

धुराचा दोष दर वेळी मालकाचाच असतो, ही समजूतही सोडून द्या. आपल्या रस्त्यांवर वडापसाठी वर्षानुवर्षे धावलेली टवेरा आठवत असेल. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने २००५ पासून बनवलेल्या सुमारे १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. धुराच्या चाचणीसाठी पाठवलेली इंजिने कंपनीतल्याच लोकांनी खास तयार केलेली होती, हे उघड झाले होते. आता मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आहे. पर्यावरणाला हानी करणारा दोष आढळला, तर सरकार त्या बनावटीच्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. पण एका बनावटीत दोष आहे हे कळणार कसे? ठिकठिकाणच्या मालकांनी केलेल्या नोंदींतूनच. सेटिंग करून घेतलेली प्रत्येक पास पीयूसी अशी एक नोंद पुसून टाकते. अमेरिकेत कारच्या कन्व्हर्टरची आणि इंजिनाच्या संगणकाची हमी कायद्यानेच आठ वर्षे किंवा ८०,००० मैलांची ठरवली आहे. आपल्याकडे तितकी लांब मुदत मागायची असेल, तर आहे ती मुदत आधी वापरली पाहिजे.

केममधल्या कॉलेजच्या मुला-मुलींना शेवटी एक काम सांगतो. आपल्या गल्लीत कुणाची गाडी तीन वर्षांच्या आतली आहे ते विचारा, त्यांची पुस्तिका उघडा आणि एमिशन वॉरंटीचे पान मराठीत वाचून दाखवा. मुदत संपण्याची तारीख पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात पेनने लिहून द्या. पुस्तिका हरवली असेल, तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ती मिळते. गाडीचे मॉडेल आणि वर्ष तेवढे बरोबर निवडा. मुदत संपायला दोनतीन महिनेच उरले असतील आणि गाडी धूर सोडत असेल, तर त्यांना थांबू देऊ नका. याच आठवड्यात पीयूसी केंद्रावर न्या, खरी चाचणी करून घ्या आणि जो कागद निघेल तो घेऊन या.