अक्षांश-रेखांशांचा पुरावा

महाविद्यालयात नॅकच्या, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषदेच्या, मूल्यांकनाची तयारी सुरू झाली की प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सूचना हमखास येते : फोटो जिओटॅग असलेलेच पाठवावेत. मग वर्गातली बाके बाजूला सरकतात. सात-आठ विद्यार्थी खुर्च्या गोल मांडून बसतात. मागच्या फळ्यावर ‘ग्रुप डिस्कशन’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. फोटो निघतो. त्याच्या खालच्या पट्टीत गाव, जिल्हा, अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ उमटते. हा फोटो ‘क्रायटेरिया दोन’च्या, म्हणजे अध्ययन-अध्यापनाच्या निकषाच्या, फाइलीत लागतो आणि त्या महाविद्यालयात विद्यार्थीकेंद्री अध्यापन होते, याचा पुरावा तयार होतो.

या पट्टीकडे जरा नीट पाहायला हवे. फोटो कुठे आणि कधी काढला, हे ती नेमके सांगते. चर्चेत कोण बोलले, कोण गप्प राहिले, चर्चा कोणत्या भाषेत झाली आणि ती संपल्यावर कुणाला काय कळले, यातले काहीच ती सांगत नाही. विद्यार्थीकेंद्री अध्यापन झाले की नाही हे ठरते ते मात्र याच गोष्टींवर.

निकषाबद्दल तक्रार नाही. अनुभवातून शिकणे, सहभागातून शिकणे, प्रश्न सोडवत शिकणे या तिन्ही पद्धतींची अपेक्षा नॅकने स्पष्ट शब्दांत लिहून ठेवली आहे. संलग्न महाविद्यालयांसाठीच्या आराखड्यात एक हजारपैकी ३५० गुण एकट्या अध्ययन-अध्यापनाला ठेवले गेले. दुसऱ्या कुठल्याही निकषाला एवढे वजन नव्हते. बंगळुरूच्या या संस्थेने १९९४पासून निदान एवढे तरी केले, की वर्गात काय चालते हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, हे महाविद्यालयांना मान्य करावे लागले. घोळ आहे तो उत्तरादाखल आपण काय स्वीकारतो, यात.

त्या गोलात बसते कोण? ज्यांना बोलता येते, ते. फोटो चांगला यायला हवा, म्हणून हात वर करणारी, इंग्रजीत चार वाक्ये सलग बोलू शकणारी मुले पुढे बसवली जातात. तालुक्याच्या गावाहून एसटीने येणारी, बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात अचानक सगळेच इंग्रजीतून ऐकू लागलेली मुलगी कडेला असते. तिला उत्तर येत नाही असे नाही. ते इंग्रजीत जुळवेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते. सरांनी तिला एकदा, ‘मराठीत सांग, चालेल,’ म्हटले असते तर ती बोलली असती. तिच्यासाठी अध्यापनाची पद्धत बदलायची म्हणजे सुरुवात एवढ्या एका वाक्यापासून होते. पण या वाक्याचा फोटो निघत नाही.

विद्यार्थ्यांचे मत नॅक घेत नाही, असे नाही. विद्यार्थी समाधान सर्वेक्षण हा निकषाचाच भाग आहे. त्यात वीस प्रश्नांना पर्याय दिलेले असतात आणि एकविसाव्या प्रश्नात सूचना लिहायला जागा असते. अनुभवाधारित, सहभागात्मक वगैरे पद्धती तुमच्या संस्थेत वापरल्या जातात का, हे निकषातले वाक्य जवळजवळ तसेच्या तसे विद्यार्थ्यापुढे ठेवलेले असते. पहिल्या वर्षाच्या मुलाने त्यावर कोणत्या पर्यायापुढे खूण करावी? आणि त्याची खूण जमा होते ती संस्थेच्या एकूण गुणांत. त्याला शिकवणाऱ्या शिक्षकाने पुढच्या सोमवारचा तास त्यामुळे बदलावा, अशी सोय त्यात नाही.

यात शिक्षकांना आरोपी करणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष शिकवावे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) २०१८ची नियमावली सांगते. राज्यात रिकाम्या जागांचा भार मोठ्या प्रमाणावर तासिका तत्त्वावरचे शिक्षक, म्हणजे सीएचबीवाले, वाहतात. त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. तास संपल्यावर विषय न कळलेल्या मुलीसोबत अर्धा तास बसणे कुठल्याच बिलात बसत नाही. त्याच माणसाकडे आपण फोटो मात्र हक्काने मागतो. त्याने शिकवण्यातला वेळ काढून पुरावे गोळा करायचे, तेही शिकवण्याचे.

फाइलींवरची भिस्त पुढे आणखी वाढण्याची चिन्हे आहेत. आंध्रातल्या एका अभिमत विद्यापीठाला वरची श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून फेब्रुवारी २०२५मध्ये सीबीआयने नॅकच्या पाहणी समितीच्या अध्यक्षासह सदस्यांना अटक केली. प्रत्यक्ष भेटी कमी कराव्यात, कागदपत्रे दुरूनच तपासावीत, हा सूर त्यानंतर साहजिकच चढला. भेटीला आलेली समिती निदान वर्गात डोकावू शकत होती, एखाद्या मुलाला बाजूला घेऊन विचारू शकत होती. दुरून तपासणाऱ्यासमोर उरते ती फक्त अपलोड केलेली फाइल. तिच्यात फोटोच असतील, तर फोटोंवरच निकाल लागेल. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणामुळे फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण) अभ्यासक्रमात आले आहेत. तिथेही पुरावा म्हणून पहिल्यांदा आठवतो तो जिओटॅग फोटोच.

पुरावा बदलणे अवघड नाही. सत्राच्या मध्यावर प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने वर्गाला कोऱ्या चिठ्ठ्या द्याव्यात. नाव लिहायचे नाही, भाषा ज्याची त्याची. प्रश्न एकच : आतापर्यंतचे काय कळले नाही? साठ चिठ्ठ्या वाचायला फार वेळ लागत नाही. त्यावरून पुढच्या पंधरवड्यात आपण काय बदलले, हे शिक्षकाने एका पानावर लिहावे. ‘तिसरे प्रकरण पुन्हा घेतले’, ‘संज्ञा मराठीतही फळ्यावर लिहिल्या’, ‘प्रॅक्टिकलच्या जोड्या बदलल्या’ इतके साधे लिहिले तरी चालेल. ‘काहीच बदलता आले नाही, वर्गात एकशे वीस मुले आहेत’, हेही लिहायची मुभा हवी, कारण ती माहिती संस्थाचालकांपर्यंत आणि सरकारपर्यंत पोहोचायलाच हवी. असे पानही खोटे लिहिता येईल, हे खरे. पण त्यासाठी निदान आपल्या वर्गाला काय कळत नाही, याचा विचार करावा लागेल. गोल मांडलेल्या खुर्च्यांसाठी तेवढाही करावा लागत नाही.

नॅकमान्य महाविद्यालयांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पुढे आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. मग या बाबतीत बंगळुरूहून नवा आराखडा येण्याची वाट कशाला पाहायची? राज्यातली विद्यापीठे संलग्न महाविद्यालयांचे शैक्षणिक आणि प्रशासकीय लेखापरीक्षण करतातच. पुढच्या लेखापरीक्षणापासून ‘क्रायटेरिया दोन’साठी कुलगुरूंनी हे एक पान मागावे आणि जिओटॅग फोटो स्वीकारणे बंद करावे.